नाणे नाकारण्याचा हक्क दुकानदाराला आहे काय?
गल्ल्यातील चिल्लर, फाटक्या नोटा आणि गरिबाच्या खिशाला बसणारा बट्टा

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या आठवडी बाजारात आमच्या ओळखीचे एक वयस्कर मणियार बांगड्यांची हातगाडी लावतात. बांगड्यांचे गिऱ्हाईक म्हणजे बायाबापड्या. त्या दहा-वीस रुपयांची खरेदी करतात आणि पदराच्या गाठीतून नाणी काढून देतात. चाचांनी कधी कोणाचे नाणे परत केले नाही. त्यामुळे संध्याकाळी गाडी आवरताना त्यांच्या पिशवीत दहा रुपयांची ६४ नाणी जमली होती, म्हणजे ६४० रुपये. मागच्या आठवड्याच्या मालाची उधारी फेडायला ते ठोक व्यापाऱ्याच्या दुकानी गेले. शेठने पिशवीत डोकावले आणि म्हणाले, "चाचा, ही नाणी आमच्याकडे चालत नाहीत. नोटा आणा. नाहीतर उधारी थकली असे समजून पुढचा माल बंद."

चाचा शेजारच्या टपरीवर गेले. टपरीवाल्याने शंभराच्या नाण्यांना नव्वद रुपये या दराने नोटा दिल्या. ६४० रुपयांचे ५७६ रुपये झाले. दिवसभर उन्हात उभे राहून मिळवलेल्या अडीचशे-तीनशे रुपयांच्या नफ्यातून ६४ रुपये असे एका क्षणात गेले. त्यांनी कोणाला फसवले नव्हते. त्यांच्याकडचे चलन खोटेही नव्हते. मग हे ६४ रुपये कशाचे गेले?

ही गोष्ट एका चाचांची नाही. भाजीवाला, रिक्षावाला, खाटीक, शिंपी, सायकलचे पंक्चर काढणारा, यंत्रमागावरचा कामगार, या सगळ्यांचा हा रोजचा तंटा आहे. कोणी दहाचे नाणे घेत नाही, कोणी पन्नास पैसे पाहून हसतो, कोणी चिकटपट्टी लावलेली नोट हातावर टेकवून नजर चुकवतो. मोबाईलवरून पैसे देण्याची सोय गावोगाव पोहोचली असली तरी छोट्या रकमेचा बाजार अजूनही मोठ्या प्रमाणात रोखीवर चालतो आणि रोखीचा व्यवहार बिघडला की त्याचा पहिला फटका सर्वांत खालच्या माणसाला बसतो. म्हणून या प्रश्नाचा कायदा काय, व्यवहार काय आणि आपले कर्तव्य काय, हे आम्ही येथे सविस्तर मांडत आहोत.

कायदेशीर चलन म्हणजे काय?

आपल्या देशात नाणी पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथील टांकसाळीत ती पाडली जातात. रिझर्व्ह बँक ती फक्त बाजारात वितरित करते. नाण्यांबाबत पूर्वी १९०६ चा कायदा होता. त्याची जागा आता २०११ च्या नाणी अधिनियमाने घेतली आहे. या अधिनियमाच्या कलम ६ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, एक रुपया व त्यावरील मूल्याची नाणी एका वेळी एक हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी कायदेशीर चलन आहेत. पन्नास पैशांचे नाणे दहा रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी कायदेशीर चलन आहे. अट एवढीच की नाणे विद्रूप केलेले नसावे आणि झिजून ठरावीक वजनाच्या खाली गेलेले नसावे.

नोटांची गोष्ट वेगळ्या कायद्यात आहे. रिझर्व्ह बँक कायदा, १९३४ च्या कलम २६ प्रमाणे बँकेची प्रत्येक नोट भारतात कोठेही, तिच्यावर लिहिलेल्या रकमेसाठी कायदेशीर चलन आहे आणि तिला केंद्र सरकारची हमी आहे. सरकारने एखादी नोट रद्द केली तर गोष्ट वेगळी. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री जुन्या ५०० व १००० च्या नोटांचे जे झाले ते आपण सर्वांनी भोगले आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. छापणे किंवा पाडणे बंद झाले म्हणजे चलन बाद झाले असे होत नाही. एक, दोन व पाच रुपयांच्या नोटांची छपाई १९९४-९५ मध्ये थांबवण्यात आली होती. एक व पाच रुपयांच्या नोटा पुढे पुन्हा छापल्या गेल्या. पण जुन्या नोटाही बाद झालेल्या नाहीत. बाद झाली ती २५ पैसे व त्याखालची नाणी. ३० जून २०११ पासून ती चलनातून काढून घेण्यात आली. पन्नास पैशांचे नाणे मात्र बाद झालेले नाही. बाजाराने ते आपल्या मनाने बाद केले आहे.

मग नाकारणारा गुन्हेगार ठरतो काय?

बाजारात दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणतो, "दुकान माझे, माल माझा, काय घ्यायचे ते मी ठरवीन." दुसरा म्हणतो, "नाणे नाकारले तर राजद्रोहाचा खटला होतो." आमच्या मते दोन्ही अर्धवट आहेत.

वास्तविक पाहता, नाणी अधिनियमात किंवा रिझर्व्ह बँक कायद्यात नाणे नाकारणाऱ्या दुकानदाराला थेट तुरुंगाची शिक्षा सांगणारे कलम नाही. राजद्रोहाची भीती घालणारे कागद हातोहात फिरतात, त्यांना या दोन कायद्यांत आधार नाही. मात्र काही ठिकाणी तक्रारी वाढल्यावर जिल्हा प्रशासन नाणी स्वीकारण्याचा आदेश काढते. अधिकृत अधिकाऱ्याने रीतसर जाहीर केलेला असा आदेश मोडणे हा स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो, हे दुकानदारांनी लक्षात ठेवावे.

पण शिक्षेचे कलम नाही म्हणजे नाकारण्याचा सरसकट हक्क आहे, असेही नव्हे. येथे एक बारीक पण महत्त्वाचा फरक समजून घेतला पाहिजे. सौदा अजून ठरलेला नाही ती वेळ वेगळी आणि देणे उभे राहिले आहे ती वेळ वेगळी.

दुकानात मांडलेला माल म्हणजे विक्रीचे निमंत्रण. गिऱ्हाईक भाव विचारते, दुकानदार सांगतो, अजून सौदा पक्का झालेला नसतो. कराराच्या सर्वसाधारण तत्त्वाप्रमाणे या टप्प्यावर दुकानदार विक्रीला नाही म्हणू शकतो आणि गिऱ्हाईकही पाठ फिरवू शकते. या टप्प्यावर कायद्याचा हात ढिला असतो. सरकार व रिझर्व्ह बँक यांनी मात्र वारंवार स्पष्ट केले आहे की वैध नाणी कोणीही निःशंकपणे स्वीकारावीत.

परंतु चहा पिऊन झाला, दाढी-कटिंग झाली, जेवण झाले, रिक्षा घरापर्यंत आली, कपडा शिवून झाला किंवा उधारीवर माल नेला, म्हणजे देणे उभे राहिले. आता पैसे घेणारा धनको आहे आणि देणारा ऋणको. या टप्प्यावर ऋणको जेव्हा कायदेशीर चलनात, ठरावीक मर्यादेत, पूर्ण रक्कम पुढे करतो तेव्हा ती नाकारण्याला कायद्याचा आधार उरत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ३८ सांगते की, देणाऱ्याने योग्य वेळी व योग्य जागी, अट न घालता देणे पुढे केले आणि घेणाऱ्याने ते नाकारले, तर देणाऱ्यावर कसूर केल्याचा ठपका ठेवता येत नाही. याचा अर्थ कर्ज बुडाले असा नव्हे. कर्ज द्यायचेच आहे. पण "तू उधारी थकवली" असे म्हणण्याचा अधिकार नाकारणाऱ्याने गमावलेला असतो.

आता आमच्या मणियार चाचांकडे वळून पाहा. त्यांचे देणे ६४० रुपयांचे होते, म्हणजे हजाराच्या आत. नाणी दहा रुपयांची, वैध. देणे मागच्या आठवड्याच्या मालाचे, म्हणजे आधीच उभे राहिलेले. तेव्हा शेठने ही नाणी घ्यायलाच हवी होती आणि चाचांची उधारी थकली असे म्हणणे चुकीचे होते. पुढचा माल द्यायचा की नाही हा शेठचा प्रश्न. मागचे देणे नाकारणे हा मात्र त्यांचा हक्क नव्हता.

त्याचबरोबर दुकानदाराची बाजूही सांगितली पाहिजे. कोणी पाच हजाराच्या बिलासाठी गोणीभर चिल्लर ओतली तर ती सगळी घेण्याची सक्ती दुकानदारावर नाही. नाण्यांतून एका देण्यासाठी हजाराची मर्यादा कायद्यानेच घातली आहे. आपापसांत समजुतीने जास्त घेतली तर हरकत नाही. तसेच सुटे नाहीत म्हणून गिऱ्हाईकाच्या हातावर चॉकलेट ठेवण्याची रीत आहे, तिचाही विचार व्हावा. चॉकलेट हे चलन नव्हे. गिऱ्हाईकाने ते नाकारले तर रागावण्याचे कारण नाही. गंमत अशी की जो दुकानदार चिल्लर घेत नाही, त्याच्याचकडे सुट्यांची टंचाई जास्त असते.

दहाच्या नाण्याची अफवा

दहा रुपयांचे दुधातु नाणे, म्हणजे मध्ये पांढरी टिकली व भोवती पिवळे कडे असलेले, २००९ पासून चलनात आहे. त्यानंतर अनेक प्रसंगांनिमित्त त्याच्या वेगवेगळ्या नक्ष्या निघाल्या. काहींवर रुपयाचे चिन्ह आहे, काहींवर नाही, कारण हे चिन्ह नाण्यांवर २०११ पासून आले. कोणी म्हणू लागला की दहा रेघांचे खरे आणि पंधरा रेघांचे खोटे. कोणी म्हणाला की चिन्ह नसलेले खोटे. २०१६ नंतर ही अफवा इतकी पसरली की कित्येक गावांत दहाचे नाणे चालेनासे झाले.

रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१६ मध्ये खुलासा केला. पुन्हा जानेवारी २०१८ मध्ये सांगितले की तोपर्यंत निघालेल्या १४ नक्ष्यांची सर्व नाणी वैध आहेत. जून २०१९ मध्ये तिसऱ्यांदा तेच सांगितले आणि बँकांनाही बजावले. रेघा दहा असोत की पंधरा, चिन्ह असो की नसो, नाणे खरेच आहे. २०२० मध्ये बारा कडांचे वीस रुपयांचे नाणेही बाजारात आले, तेही तितकेच वैध आहे.

अफवेचे मूळ कोठे होते, यापेक्षा ती टिकली कशी हे पाहण्यासारखे आहे. ठोक व्यापारी म्हणतो, "कंपनीचा माणूस घेत नाही म्हणून मी घेत नाही." किरकोळ दुकानदार म्हणतो, "ठोकवाला घेत नाही म्हणून मी घेत नाही." गिऱ्हाईक म्हणते, "दुकानदार घेत नाही म्हणून मीही घेत नाही." अशा रीतीने नाणे खोटे आहे असे कोणालाच वाटत नाही, तरीही ते सगळ्यांकडून नाकारले जाते. या साखळीतील एका मोठ्या दुकानदाराने जरी ठामपणे नाणे घेण्यास सुरुवात केली, तरी त्या बाजारपेठेत ते पुन्हा चालू लागते.

मळकी नोट वेगळी, फाटकी नोट वेगळी

नोटांच्या बाबतीत सरसकट एकच नियम लावता येत नाही. बँकेच्या भाषेत त्यांचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार मळकी नोट. हाताळून जुनी व मळकट झालेली, किंवा दोन तुकडे होऊन चिकटवलेली, पण दोन्ही तुकडे त्याच नोटेचे आणि सगळे भाग शाबूत. अशी नोट पूर्ण किमतीची आहे. बँका ती खात्यात भरून घेतात, सरकारी देण्यातही ती चालते. केवळ मळकी आहे म्हणून गरिबाची नोट फेकणे योग्य नाही. नोटेवर पेनाने आकडा लिहिला आहे म्हणून ती बाद झाली ही समजूतही चुकीची. मात्र राजकीय किंवा धार्मिक स्वरूपाच्या घोषणा वा मजकूर लिहिलेल्या नोटेचा मोबदला मिळत नाही, हे सर्वांनी ध्यानात घ्यावे. १९९९ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वच्छ नोटांचे धोरण जाहीर केले. नोटेवर लिहू नये, बंडलाला पिना मारू नयेत, असे तेव्हापासून सांगितले जात आहे.

दुसरा प्रकार फाटकी नोट. तिचा काही भाग गहाळ असतो किंवा तिचे दोनपेक्षा जास्त तुकडे झालेले असतात. अशी नोट दुकानदाराने घेतलीच पाहिजे असा आग्रह धरता येणार नाही, कारण रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २८ प्रमाणे फाटक्या नोटेची किंमत मागणे हा कोणाचाही हक्क नाही. बँक ती सवलत म्हणून देते. पण ही सवलत नियमाने बांधलेली आहे आणि ते नियम कोणालाही समजण्यासारखे आहेत.

वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा निम्म्यापेक्षा जास्त असेल तर पूर्ण पैसे मिळतात, कमी असेल तर काहीच नाही. पन्नास व त्यावरील नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० टक्के असेल तर अर्धे पैसे आणि ४० टक्क्यांच्या खाली काहीच नाही. हे नियम २००९ चे आहेत. नव्या आकाराच्या नोटांसाठी २०१८ मध्ये त्यांत दुरुस्ती झाली. उदाहरणार्थ, नवी पाचशेची नोट १५ सेंटिमीटर लांब व ६.६ सेंटिमीटर रुंद आहे. लांबीच्या बाजूने कोपऱ्याचा दोन सेंटिमीटरचा तुकडा गेला तरी ८० टक्क्यांहून कितीतरी जास्त भाग शिल्लक राहतो, म्हणजे पाचशेचे पाचशे मिळतात. आणि हीच नोट लोक घाबरून चारशेला विकून टाकतात!

मुद्दाम कापलेल्या किंवा तुकडे जुळवून तयार केलेल्या नोटांना मात्र नियमात थारा नाही.

तिसरा प्रकार जळालेली, करपलेली, ठिसूळ झालेली किंवा ओलीने एकमेकांना चिकटलेली नोट. अशा नोटा गावच्या शाखेत नव्हे, तर रिझर्व्ह बँकेच्या नोटा वितरण करणाऱ्या कार्यालयात न्याव्या लागतात. महाराष्ट्रात अशी कार्यालये मुंबई, बेलापूर (नवी मुंबई) व नागपूर येथे आहेत. दुकानाला आग लागली, घरात पुराचे पाणी शिरले, तर राख झालेल्या नोटा हाताळू नयेत. जशा आहेत तशा अलगद डब्यात ठेवून तेथे न्याव्यात. दोन हजारांच्या नोटाही १९ मे २०२३ रोजी चलनातून मागे घेतल्या गेल्या. घरात एखादी सापडली तर तीही याच कार्यालयांत न्यावी, ती फेकून देऊ नये.

बट्ट्याचा धंदा

शंभराच्या फाटक्या नोटेचे ऐंशी, नाण्यांच्या शंभराचे नव्वद, असा धंदा अनेक बाजारांत उघड चालतो. हा रोग नवीन नाही. मोगल काळात शराफ जुन्या व झिजलेल्या रुपयांवर बट्टा घेत. नव्या वर्षाच्या शिक्क्याला एक भाव, मागच्या वर्षाच्या शिक्क्याला दुसरा. इंग्रजांनी १८३५ मध्ये एकसारखा रुपया काढला तेव्हा त्यांच्या मुलखातला हा घोळ कमी झाला. आमच्या मराठवाड्यात तर निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजी कलदार असे दोन रुपये चालत. शंभर कलदार रुपयांना सुमारे ११६ ते ११७ हाली मोजावे लागत. त्या वेळी दोन राज्यांची दोन चलने होती, म्हणून दराचा फरक समजण्यासारखा होता. आज देशात एकच रुपया आहे. तरीही दहाच्या दहा नाण्यांना नव्वद रुपये कशाचे?

आपल्या वाचकांसाठी हा प्रश्न केवळ फायद्या-तोट्याचा नाही, तो हलाल-हरामचाही आहे. कागदी नोटांना पूर्वीच्या सोन्या-चांदीच्या नाण्यांप्रमाणेच चलन मानणारे फिकहचे अभ्यासक सांगतात की एकाच देशाच्या चलनाची अदलाबदल बरोबरीनेच झाली पाहिजे. कमी-जास्त घेणे-देणे व्याजाच्या सीमेत जाते. शंभर रुपयांची नाणी घेऊन नव्वदच्या नोटा देणाऱ्या आणि तसा व्यवहार करणाऱ्या भावांनी आपल्या येथील उलमांना विचारून खात्री करून घ्यावी. "मी तर मदतच केली" असे म्हणून मनाचे समाधान करून घेऊ नये. बँकेत जे काम फुकट होते त्याचे दहा टक्के गरिबाकडून घेणे ही मदत कशी?

बंडलात दडवलेली नोट

आमच्या मणियार चाचांची कहाणी येथेच संपत नाही. घरी जाऊन त्यांनी टपरीवाल्याच्या नोटा मोजल्या तेव्हा मधोमध एक पन्नासची नोट निघाली, जिचा कोपरा नाहीसा होता. वरून-खालून चांगल्या नोटा आणि मध्ये फाटकी. असे आपल्यापैकी किती जण करतात, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

प्रेषितांच्या काळातील प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. बाजारात धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला, आत धान्य ओले लागले. पावसाने भिजले असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाकारला. फाटकी नोट बंडलाच्या मध्ये दडवणे आणि ओले धान्य राशीच्या तळाशी दडवणे यांत काय फरक आहे? फाटकी नोट द्यायचीच असेल तर सांगून द्यावी. समोरच्याने खुशीने घेतली तर घेतली.

बनावट नोटेची बाब याहून गंभीर आहे. इमाम गझाली यांनी 'इह्या' या ग्रंथात कमाईच्या प्रकरणात खोट्या दिरहमाबद्दल लिहिले आहे. त्यांचा मुद्दा असा की चोरी एकदा होते आणि संपते, पण खोटे नाणे बाजारात चालवले की ते एका हातातून दुसऱ्या हातात जात राहते आणि चालवणाऱ्याच्या मागे त्याचे पाप वाढत जाते. म्हणून हाती आलेले खोटे नाणे पुढे न चालवता विहिरीत टाकून द्यावे, असे ते म्हणतात. आज विहिरीऐवजी बँक आहे. बँक बनावट नोट शिक्का मारून जप्त करते. तिचे पैसे मिळत नाहीत, पण पोच मिळते आणि ती मागून घ्यावी. एका व्यवहारात चारपर्यंत बनावट नोटा निघाल्या तर बँक महिन्याच्या अहवालात पोलिसांना कळवते. पाच किंवा अधिक निघाल्या तर गुन्हा नोंदवण्याची कारवाई होते. बनावट आहे हे माहीत असून ती पुढे चालवणे हा गंभीर फौजदारी गुन्हा आहे. पाचशेचे नुकसान सोसावे, पण तुरुंग आणि बदनामी ओढवून घेऊ नये.

कारागिरांसाठी एक सूचना. नाणी वितळवून किंवा ठोकून अंगठ्या, वॉशर वा शोभेच्या वस्तू बनवण्याचे प्रकार काही ठिकाणी होतात. २०११ च्या अधिनियमाने नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे यावर बंदी घातली आहे आणि त्यासाठी सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. गिऱ्हाईकाने कितीही आग्रह केला तरी असे काम हाती घेऊ नये.

बँकच नाही म्हणाली तर?

दुकानदारांची खरी अडचण ही आहे. ते म्हणतात, "आम्ही नाणी घेऊ, पण बँकेत ती कोण घेतो?" ही तक्रार खोटी नाही. वर सांगितलेल्या प्रसंगानंतर पुढच्या बाजाराची नाणी घेऊन आम्ही चाचांबरोबर एका बँकेच्या शाखेत गेलो. खिडकीवरच्या माणसाने मान हलवली, "मोजायला माणूस नाही." आम्ही व्यवस्थापक साहेबांना भेटलो आणि भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवले. त्यावर मळक्या व फाटक्या नोटा येथे बदलून मिळतील असे लिहिले होते. नाण्यांबाबतही रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत, असे नम्रपणे सांगितले. साहेबांनी नाणी खात्यात भरून घेतली आणि कोपरा गेलेल्या पन्नासच्या नोटेचे पूर्ण पन्नास रुपये दिले. दोन्ही कामांना एक पैसाही लागला नाही.

नियम असे आहेत. सर्व मूल्यांची नाणी बँकांनी स्वीकारावीत, अशी सूचना आहे. हजाराची मर्यादा बाजारातील देण्यासाठी आहे. खात्यात नाणी भरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली नाही. नाणी शंभर-शंभरच्या पिशव्या करून नेली तर काम लवकर होते. खराब नोटा एका दिवसात २० नगांपर्यंत व ५,००० रुपयांपर्यंत असतील तर खिडकीवरच मोफत बदलून मिळतात. त्याहून जास्त असतील तर बँक पावती देऊन नंतर रक्कम खात्यात जमा करू शकते आणि शुल्क लावू शकते.

बँकेने तरीही नकार दिला तर तक्रार लेखी द्यावी व पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी फी नाही, वकील लागत नाही. आपली माणसे तोंडी भांडण करतात आणि कागद करत नाहीत. ही आपली जुनी खोड आहे, ती सोडली पाहिजे.

बाजारपेठेने काय करावे?

आमच्या मते प्रत्येक बाजारपेठेतील व्यापाऱ्यांनी एकत्र बसून पुढील गोष्टी ठरवाव्यात.

१. दुकानात "सर्व वैध नाणी स्वीकारली जातील" अशी पाटी लावावी. एकाने लावली की शेजारचाही लावतो.

२. उधारीचे देणे हजारापर्यंत नाण्यांत आले तर ते नाकारू नये. ठोक व्यापाऱ्यांनी यात पुढाकार घ्यावा, कारण साखळी त्यांच्यापासून सुरू होते.

३. कामगारांची मजुरी देताना गल्ल्यातील फाटक्या नोटा त्यांच्या गळ्यात मारू नयेत. मजूर समोर काही बोलत नाही, पण मनात ठेवतो.

४. आठवड्यातून एक दिवस ठरवून चिल्लर व खराब नोटा वेगळ्या कराव्यात आणि बँकेत भराव्यात. दोन-चार छोट्या दुकानदारांनी पाळीपाळीने हे काम केले तर कोणाचा दिवस मोडत नाही.

५. नाण्यांवर वा नोटांवर बट्टा घेणाऱ्याला बाजारपेठेने प्रतिष्ठा देऊ नये.

नाणे नाकारणे ही दिसायला छोटी गोष्ट आहे. दुकानदाराला वाटते की मी फक्त माझी कटकट वाचवली. पण ती कटकट कोठेतरी जातेच. ठोकवाला ती किरकोळवाल्यावर ढकलतो, किरकोळवाला फेरीवाल्यावर आणि फेरीवाल्याच्या खाली कोणी नसते. तो आपल्या नफ्यातून ती भरतो. चाचांचे ६४ रुपये गेले ते नाणे खोटे होते म्हणून नव्हे, तर वरच्या माणसाने बँकेपर्यंत जाण्याचे कष्ट घेतले नाहीत म्हणून.

चाचांनी त्यानंतर शेठना बँकेत नाणी भरल्याची पावती दाखवली. शेठ काही वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "पुढच्या वेळी पिशवी इकडेच आणा, आपला मुलगा रोज बँकेत जातोच." त्या बाजारात एवढ्यावर एक साखळी तुटली. आपल्या बाजारातली साखळी कोणी तोडायची, हे ज्याने त्याने आपल्या गल्ल्याकडे पाहून ठरवावे.